मुद्देमालाची पूजा

सरकारला पंच लागायचा तो प्रतिष्ठित. आमच्या गावात प्रतिष्ठेच्या अटी दोनच होत्या: अंगात कोट आणि हाताला सही. पाटलांकडे कोट होता, वाण्याकडे सही होती. दोन्ही एकाच माणसापाशी असण्याचा योग फक्त शाळामास्तराच्या बाबतीत आला होता, आणि मास्तर मी होतो. शिवाय शाळा चावडीला लागून. त्यामुळे दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीच्या तीन-चार वर्षांत चोरी, आग, विहिरीत सापडलेलं प्रेत, काहीही झालं की मुलांना पाढे म्हणायला लावून मी दौत-टाक घेऊन निघत असे.

गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. शिरपूरच्या बाजाराला बैलगाडीने जायचं आणि खुनाच्या खटल्यासाठी तापी ओलांडून धुळ्याला. मी मूळचा जळगावजवळच्या पिंप्राळ्याचा. इथली बोली मला परकी नव्हती, पण माणसं परकी होती. पंच म्हणून ते सोयीचं आहे असं मला वाटायचं.

त्या वर्षी घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावातला एक पंचविशीतला शेतकरी त्याच्याच बांधावर मरून पडलेला सापडला. मानेवर कुऱ्हाडीचा घाव. शेजारी एक तोडलेली बाभूळ आडवी पडलेली. ही बाभूळ बरोबर बांधावर उगवलेली होती, आणि पलीकडचं शेत होतं त्याच्या चुलतभावाचं. दोघंही ती आपली म्हणत. मेलेला दोघांत धाकटा, त्याने ती तोडली. आदल्या संध्याकाळी चावडीसमोर चुलतभाऊ त्याला म्हणाला होता, "बाभूळ तोडी ना? तुन्ही मान बी अशीच तोडसू." हे निदान वीस जणांनी ऐकलं. फौजदारांनी विचारलं तेव्हा त्या विसांपैकी एकही जण त्या संध्याकाळी चावडीवर नव्हता. एक तर गावातच नव्हता, जरी त्याचा जबाब तो नेहमीच्या ओट्यावर बसूनच देत होता.

मेलेला आईचा एकुलता एक. बाप आधीच गेलेला. आई पन्नाशीची, उभट चेहऱ्याची. तिला सगळं गाव अक्का म्हणे. ती रडताना मी पाहिली नाही. चावडीच्या पायरीवर येऊन बसायची आणि आत कोण जातं, बाहेर कोण येतं ते बघायची.

तिसऱ्या दिवशी फौजदारांनी चुलतभावाला दोरी लावून आणला. पंच दोन: मी आणि एक म्हातारा तेली, ज्याचा अंगठा सरकारदरबारी माझ्या सहीइतकाच चालत असे. फौजदार म्हणाले, "हा कुऱ्हाड काढून देतो म्हणतो. चला."

आम्ही त्याच्या मागून चाललो. तो कुठे थांबला नाही, कुठे बघितलं नाही. गोठ्यात शिरला, कोपऱ्यातल्या कडब्याच्या पेंढ्यांत खांद्यापर्यंत हात घातला आणि कुऱ्हाड बाहेर काढली. पात्यावर रक्त वाळून काळं झालं होतं आणि त्यात चार-पाच केस चिकटलेले. कुऱ्हाडीबरोबर माश्याही बाहेर आल्या. फौजदारांनी ती माझ्या हातात दिली. पंचाच्या सहीची चिठ्ठी मुद्देमालाला बांधायची असते. दांड्याला मधे चीर गेली होती आणि तिथे तांब्याची तार घट्ट गुंडाळली होती. चिठ्ठीचा दोरा मी त्या तारेतच ओवून गाठ मारली. घसरू नये म्हणून. दुसरं काही सुचलं नाही.

मग पंचनामा. फौजदार सांगत, मी लिही. "लाकडी दांड्याची लोखंडी कुऱ्हाड," ते म्हणाले. मी लिहिलं, आणि पुढे स्वतःच्या अकलेने घातलं: दांड्यास चीर असून त्यावर तांब्याची तार.

"मास्तर," त्यांनी वाचून विचारलं, "कादंबरी लिहिताय का?"

"नाही. दिसलं ते..."

"खाडाखोड नको. दुसऱ्या कागदावर नीट लिहून काढा. लाकडी दांड्याची, लोखंडी, रक्ताचे डाग असलेली. बस. जन्मभर हेच लिहीत आलोय आम्ही."

मी नीट लिहून काढलं. अक्षर वळणदार आलं. कुऱ्हाड कापडात गुंडाळली गेली, त्यावर लाखेचं सील बसलं. पाहणारं कोणी नाही, साक्ष देणारं कोणी नाही. फौजदारापुढे आरोपीने काहीही कबूल केलं तरी कोर्टात त्याला किंमत नाही. उरली ती ही कुऱ्हाड. ती मुंबईला रसायनतज्ज्ञाकडे जायची होती, पण दसऱ्याच्या सुट्ट्या आल्या म्हणून ती तालुक्याच्या ठाण्यात राहिली. ठाण्याचं नाव सांगत नाही. त्या ठाण्यात जे झालं ते कुठल्याही ठाण्यात झालं असतं.

खंडेनवमीला शाळेच्या कामासाठी मी तालुक्याला गेलो होतो. परत येताना ठाण्यावरून जात होतो तर आतून धुपाचा वास आला आणि जमादारांनी हाक मारली. जमादार आमच्याच बाजूचे, देवभोळे, अंगावर सरकारी खाकी आणि कपाळावर गंधाचा पट्टा.

"या, या मास्तर! बरोबर वखतवर उनात. प्रसाद ल्या."

अंगणात घोंगडी अंथरली होती. तिच्यावर सरकारी बंदुका, लाठ्या, एक जुनी तलवार, बेड्यासुद्धा मांडलेल्या. खंडेनवमीला सगळं जग आपापली हत्यारं धुऊन पुजतं. सुतार रंधा पुजतो, शेतकरी नांगर पुजतो. सरकारनेच का मागे राहावं? बंदुकांच्या पलीकडे कुऱ्हाडी होत्या. तीस तरी असतील. सातपुड्यात चोरून लाकूड तोडणाऱ्यांकडून धरलेल्या कुऱ्हाडी त्या ठाण्यात ढिगाने पडलेल्या असत. सगळ्या राखेने घासून लख्ख केल्या होत्या. प्रत्येकीवर हळद, कुंकू, झेंडूचं एक फूल.

खिडकीत पितळी ताटली होती आणि तिच्यात चिठ्ठ्यांचा ढीग.

मी विचारलं, "जमादारभाऊ, ह्या चिठ्ठ्या?"

"काढी ठेव्यात. धुताना वल्ल्या व्हई जातीस ना."

"आमच्या गावची कुऱ्हाड... तिच्यावर सील होतं."

"ते बी काढं. कापडवर कोनी कुंकू वाहस का? दोष लागस." ते हसले. "घाबरू नका, परत लावसू. सील मन्हापाशीच शे."

"पण कोणती चिठ्ठी कोणत्या कुऱ्हाडीची?"

"मास्तर, बारा वरीस व्हयनात माले आठे. मी बठ्ठं वळखस."

मी त्या रांगेवरून नजर फिरवली. तार दिसते का ते बघायला वाकणार, तेवढ्यात माझ्या हातावर खोबरं-साखर आली. मागे शिपाई रांगेत उभे होते. पूजेत वाकून मुद्देमाल तपासणं बरं दिसलं नसतं. मी प्रसाद खाल्ला, हात जोडले आणि गावाकडे निघालो. वाटेत स्वतःला सांगत राहिलो की बारा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत.

थंडीत मुंबईचा अहवाल आला. कुऱ्हाडीवर रक्त आढळलं नाही. हळदीचा अंश आढळला.

खालच्या कोर्टात चौकशी झाली तेव्हा कुऱ्हाड मुंबईहून परतलीच नव्हती. मला पंचनाम्यावरची सही दाखवली, मी "माझीच" म्हणालो आणि खटला धुळ्याच्या सेशन कोर्टाकडे गेला. माझ्या चिठ्ठीच्या दोऱ्याला तीस कुऱ्हाडींतली कोणती लागली आहे हे मला अजून ठाऊक नव्हतं. रात्रंदिवस तेवढीच एक गोष्ट डोक्यात. तीच असेल तर मी सुटलो. नसेल तर?

धुळ्याला जायच्या आदल्या आठवड्यात फौजदार शाळेत आले. मुलांना बाहेर काढलं आणि माझ्या खुर्चीवर बसले.

"तुम्ही पूजेला होतात म्हणे."

"होतो."

"प्रसाद घेतलात?"

"घेतला."

"मग झालं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही काही वावगं पाहिलं नाही. पाहिलं असतंत तर तेव्हाच बोलला असतात. शिकलेले आहात." ते उठले. "मास्तर, खून त्याने केलाय. हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्याचा हात कडब्यात जाताना पाहिलाय. कोर्टात एकच शब्द बोलायचाय. हो."

मला त्यांचा राग आला, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य खरं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी अक्का आली. शाळेच्या दाराशी उभी राहिली, आत आली नाही.

"बसा, अक्का."

"बसत नही. मास्तर, बठ्ठं गाव म्हणस, मास्तर खोटं बोलत नही. म्हणून मी निवांत शे. गावना लोके तर मुके व्हई ग्यात. तुम्ही जे देखं ते सांगा. दुसरं काही नको माले."

"सांगेन," मी म्हणालो.

धुळ्याचं सेशन कोर्ट म्हणजे उंच छत आणि त्याखाली बारकी झालेली माणसं. न्यायाधीश गोरा होता, नुकताच हिवतापातून उठलेला. त्याच्या शेजारी दोन असेसर. असेसर म्हणजे निकालाआधी आपलं मत सांगण्यासाठी बोलावलेले जिल्ह्यातले सभ्य गृहस्थ. त्यांचं मत ऐकून घ्यायचं बंधन न्यायाधीशावर असे, मानायचं नसे. एक होते मारवाडातून आलेल्या घराण्यातले कापसाचे मोठे व्यापारी, जरीच्या पगडीत. दुसरे पेन्शनीतले कारकून, चांदीच्या मुठीची काठी घेऊन. उजवीकडच्या खुर्चीवर कोणी बसायचं यावर त्यांचं जे कुजबुजत भांडण चाललं, ते मी साक्षीला उभा राहीपर्यंत मिटलं नव्हतं.

अक्का मागे भिंतीला टेकून उभी होती. पिंजऱ्यात चुलतभाऊ. त्याच्या वकिलाचं म्हणणं सरळ होतं: आमच्या गोठ्यात कुऱ्हाड सापडलीच नाही, पोलिसांनी कुठूनतरी आणली. तेली म्हातारा माझ्याआधी उभा राहिला. कुऱ्हाड दाखवताच म्हणाला, "हो सायेब, हाईच." मला वाटतं, त्याला तोफ दाखवली असती तरी तो हेच म्हणाला असता.

मग मला बोलावलं. ईश्वरास स्मरून खरं सांगेन म्हणालो. मी गोठ्याचं सांगितलं, कडब्याचं सांगितलं, रक्ताचं, केसांचं, माश्यांचं. चुलतभाऊ माझ्याकडे बघत होता, अगदी शांत. सरकारी वकिलांनी टेबलावरचं कापड सोडलं आणि कुऱ्हाड माझ्यापुढे धरली.

"चिठ्ठीवरची सही कोणाची?"

"माझी."

"आरोपीने काढून दिली ती हीच कुऱ्हाड ना?"

चिठ्ठी दांड्याच्या टोकाला बांधली होती. दांडा नवा होता, गुळगुळीत, धावड्याच्या लाकडाचा. चीर नाही. तार नाही. पात्याच्या कडेला हळदीची एक पिवळी रेघ तेवढी राहून गेली होती.

मी दांडा बघत राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही. पेन्शनीतल्या असेसरांनी काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली, तेवढा तरी. माझ्या मनात तेव्हा न्याय, सत्य वगैरे काही नव्हतं. मनात हिशेब एवढाच होता की हो म्हटलं तर हा फासावर जाईल, आणि त्याला जायला हवं. नाही म्हटलं तर उद्यापासून तो, अक्का आणि मी एकाच गावात. तार मी पाहिली होती हे मला, त्याला आणि फौजदारांनाच माहीत होतं, आणि ते दोघं बोलणार नव्हते. कागदावर ती नव्हती. ती कागदावरून मीच काढली होती. हो म्हणणं किती सोपं होतं! मी सही करून आधीच हो म्हटलेलंच होतं.

"मास्तर, ऐकू आलं ना? हीच ना?"

"नाही," मी म्हणालो.

सरकारी वकिलांनी माझ्याकडे पाहिलं ते माणूस माणसाकडे बघत नाही तसं. न्यायाधीशांनी टाक खाली ठेवला आणि शिरस्तेदारांमार्फत विचारलं, चिठ्ठी तुमची आणि कुऱ्हाड तुम्ही पाहिलेली नाही, हे कसं?

मग मी सगळं सांगितलं. तार सांगितली, दुसरा कागद सांगितला, घोंगडी, ताटली, खोबरं-साखर. खंडेनवमी म्हणजे काय हे शिरस्तेदारांनी साहेबांना इंग्रजीत समजावलं. त्यात पांडव आले, शमीचं झाड आलं, बराच वेळ गेला. साहेब लिहीत होते. जमादारांना बोलावलं. ते लपवतील असं मला वाटलं होतं. उलट ताठ उभे राहून म्हणाले, "हो हुजूर. सरकारच्या हत्यारांची पूजा आम्ही दरसाल करतो. चुकवत नाही."

खरी कुऱ्हाड शोधायचा हुकूम झाला. उत्तर दोन दिवसांनी आलं: जंगलाच्या गुन्ह्यातल्या जुन्या कुऱ्हाडी थंडीतच लिलावाने विकल्या गेल्या. ज्या कुऱ्हाडीने एक माणूस मेला ती डोंगरात कुठेतरी कुणाच्या खांद्यावर होती आणि सरपण तोडत होती.

असेसरांची मतं घेतली. दोघंही म्हणाले, दोषी. त्या खटल्यात त्यांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट, आणि माझ्या मते बरोबरही. न्यायाधीशांनी त्यांचे आभार मानले आणि पुराव्याअभावी आरोपीला सोडून दिलं. निकाल वाचताना त्यांचा आवाज नाखूश होता. कायदा काय सांगतो हे त्यांना दिसत होतं आणि समोर कोण उभं आहे हेही.

बाहेर व्हरांड्यात अक्का माझ्यापुढे आली.

"तुम्ही कुऱ्हाड काढताना देखी व्हती ना?"

"पाहिली होती, अक्का. पण कोर्टात होती ती दुसरी. मी खोटं कसं..."

"माले कुऱ्हाडशी काय करनं शे?" ती म्हणाली. "तुम्ही हात देखा व्हता. त्यानाच हात व्हता ना?"

"त्याचाच."

ती थोडा वेळ माझ्या कोटाच्या बटणांकडे बघत राहिली. मग एकटीच मोटारीच्या अड्ड्याकडे चालू लागली. मी दुसऱ्या दिवशीच्या मोटारीने गेलो. त्याच दिवशी, त्याच मोटारीने जायची हिंमत झाली नाही.

पुढचे महिने कठीण गेले. फौजदार पुन्हा कधी पंचनाम्याला बोलावायला आले नाहीत, ते एक बरं झालं. चुलतभाऊ रोज शाळेवरून शेतात जाई आणि मला रामराम करी. मी त्याच्या रामरामाला उत्तर देत असे. गावात मास्तरांनी एकाचा जीव वाचवला असं काही जण म्हणत, आणि ते ऐकताना मला शिवी ऐकल्यासारखं होई. अक्का वाटेत दिसली तर पदर सावरून बाजूला होई, जसं कुणाही परक्या पुरुषाला बघून व्हावं.

वर्ष उलटलं. अपिलाची मुदत संपली. सरकारने अपील केलं नाही. मुद्देमालाचं काय करायचं याचा हुकूम खाली आला: ज्याच्याकडून जप्त केला त्याला परत. कोर्टाच्या कागदात त्या कुऱ्हाडीपुढे आरोपीचं नाव होतं. कागद बदलत नाही. पावतीवर पंच हवा म्हणून जमादारांनी मला ठाण्यात बोलावलं. माझ्यावर त्यांचा राग नव्हता, मुळात आपलं काही चुकलं असंच त्यांना वाटत नव्हतं.

चुलतभाऊ ओट्यावर बसला होता. जमादारांनी कुऱ्हाड आणून त्याच्यापुढे ठेवली. "ले बाबा तुन्ही कुऱ्हाड, आनि अंगठा कर."

त्याने ती उचलली. पातं बघितलं, दांडा उलटासुलटा केला. कोर्टात अगदी शांत उभा राहिलेला माणूस एकदम वैतागला.

"हाई मन्ही नही."

"कागदवर तुन्हीच शे."

"ऱ्हावू द्या कागद. मी काय मन्ही कुऱ्हाड वळखत नही? मन्ही कोठे शे?"

 आपण काय कबूल केलं ते त्याच्या लक्षात आलं नसावं. आपली वस्तू हरवलेल्या शेतकऱ्याने बोलावं तसं तो बोलला होता. जमादार माझ्याकडे वळले आणि हळू म्हणाले, "मास्तर, लिहा. मालकाने ओळखून ताब्यात घेतली."

मी लिहिलं: सदर इसमाने ही कुऱ्हाड आपली नसल्याचे सांगितले व आपली कुऱ्हाड कोठे आहे असे विचारले. जमादारांनी ते दोनदा वाचलं. "पुढलं काबर लिखं?" त्यांनी विचारलं. त्याने ते विचारलं म्हणून लिहिलं, मी म्हणालो. सुटलेल्या माणसावर त्याच खुनाचा खटला पुन्हा चालत नाही, हे मला ठाऊक होतं. तो कागद कुठल्याही कोर्टाच्या कामाचा नव्हता. या खेपेला मी तो पुन्हा लिहून काढला नाही, एवढंच.

गावात आलो तो थेट अक्काच्या शेतावर गेलो. ती कापूस वेचत होती, ओटीत बोंडं. एकटीच. बांधावर उभा राहून मी तिला सगळं सांगितलं. तो काय म्हणाला, कसा म्हणाला, मी काय लिहिलं. सांगताना माझा आवाज चढला होता. इतक्या दिवसांनी आपण तिला काहीतरी आणून देतो आहोत असं मला वाटत होतं.

तिचा हात थांबला नाही.

"हाई माले पहिलेपासून माहीत शे, मास्तर," ती म्हणाली. "तुमले आज समजनं?"

आणि पुढच्या झाडाकडे सरकली.